एका फोनला दोघांनी विचारलेलं

उर्वशीच्या घरात त्या आठवड्यात तीन माणसं असायला हवी होती, आणि चौथं पोटात. प्रत्यक्षात होती ती एकटी आणि नवऱ्याचा मोबाईल. नवरा धम्मरत्न यवतमाळच्या दवाखान्यात खाटेवर, सासू मथुराबाई त्याच्या उशाशी, आणि ही आठव्या महिन्याचं पोट घेऊन महागाव तालुक्यातल्या त्या गावात, विहारामागच्या दोन खोल्यांत. माणूस एकटा पडला की घर मोठं होतं म्हणतात. दोन खोल्यांचं घर मोठं होऊन होऊन किती होणार, पण झालं खरं. भाकरी एकीपुरतीच थापायची, तर पीठ किती घ्यावं हेही तिला कळेनासं झालं होतं.

धम्मरत्न फवारणीच्या मजुरीवर जायचा. साल दोन हजार सतरा. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती, बोंडात अळी शिरली होती, आणि अळी मरेना म्हणून जो तो एका औषधात दुसरं औषध कालवून मारत होता. झाड कमरेएवढं असलं तर फवारा झाडावर पडतो. झाड डोक्यावर गेलं की हात वर करून मारावं लागतं, आणि मग तो निम्मा झाडावर आणि निम्मा मारणाऱ्याच्या तोंडावर येतो. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी संध्याकाळी धम्मरत्न घरी आला तो भिंतीला धरून. "मले बल्ब दोन दिसून राह्यले," एवढं म्हणाला आणि दारातच ओकला. रविवारी सकाळी त्याला बल्बच काय, आईचं तोंडही दिसेना. गावातली अशी तीन माणसं एका गाडीत घालून यवतमाळला नेली. जाताना त्याने खिशातला मोबाईल काढून चाचपडत उर्वशीच्या हातात दिला. बोलला काही नाही. बोलण्याच्या बाबतीत तो आधीपासूनच महाग होता.

त्या शनिवारी वावरात उर्वशीही होती, आणि ही गोष्ट तिच्या मनात खुपत होती. फवारणीला पाणी लागतं. विहिरीवरून हंडे आणायचे, ड्रमात ओतायचे, औषध कालवून काडीने ढवळायचं, पंप भरून द्यायचा, हे काम बाईमाणसाचं. पाणी आणणारी बाई त्या दिवशी आली नाही. "मी येते," उर्वशी म्हणाली. मथुराबाईंनी लगेच अडवलं, "आठवा महिना हाय पोरी, कायले जातं? तो विषाचा वास पोटातल्याले बरा नाही." पण ही गेली. मजुरी बुडू नये हे कारण होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. यवतमाळात बारावी शिकलेली ही पोरगी, ही दहावीत असतानाच आई गेलेली, भाऊ-भावजय आपल्या एका खोलीत गुंतलेले, सातव्या महिन्यात माहेरी न्यायलाही कोणी आलं नाही. इथे दिवसभर अख्खं गाव वावरात. संध्याकाळी नवरा येतो, अंघोळ करतो, जेवतो, आणि भिंतीकडे तोंड करून मोबाईलमध्ये डोकं घालतो. म्हटलं, एक दिवस तरी त्याच्या सोबत जावं. सोबत मिळाली ती अशी.

सोमवारी तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. डोकं तर दुखतच होतं, आता कानशिलात ठोके पडायला लागले. पाय सुजले होते, चप्पल चढेना. मंगळवारी सकाळी उठली तर दारातली शेळी धुरकट दिसली.

शेजारच्या नंदाबाई वावरात जाता जाता रोज एक हाक मारून जायच्या. उर्वशीने त्यांना अर्धंच सांगितलं, की डोळ्याला जरा अंधारी येते.

"आता कोणाचे डोये धड हाय सांग," नंदाबाई म्हणाल्या. "माह्या दिराचे तसेच, त्या पाटलाच्या सालदाराचे तसेच. हवेतच औषध हाय बाप्पा. थंड पाण्यानं धू, आन लिंबूपाणी पी. तू थोडीच फवारणीले गेलती?"

"नाही," उर्वशी म्हणाली. खोटं बोलायला तोंडातून एक शब्द जातो, पण मागून तो किती जागा खातो ते बोलणाऱ्यालाच माहीत. त्या क्षणापासून तिची खात्रीच झाली. औषध तिनेच कालवलं, काडीने तिनेच ढवळलं, वाफ तिच्याच नाकातोंडात गेली. नवऱ्याचे डोळे गेले तसे आपलेही जाणार. आणि पोटातलं? ते तर याच रक्तावर जगतंय. आपण आपल्या हाताने आपल्या बाळाला विष पाजलं. हे सासूला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या बिचाऱ्या तिकडे एकुलत्या एका पोराचा हात धरून बसलेल्या. दिवसातून दोनदा त्यांचा फोन यायचा, त्यांच्या त्या बटणांच्या जुन्या फोनवरून.

"जेवली का?"

"जेवली."

"तब्येत?"

"काही नाही. चांगली हाय मी. तुमी तिकडं पाहा."

फोन ठेवला की पुन्हा ती आणि मोबाईल. मग तिने जे कोणाला विचारता येत नव्हतं ते मोबाईलला विचारायला घेतलं.

मोबाईलशी तिची ओळख जुनी होती, पण अर्ध्या तासाची. धम्मरत्न अंघोळीला आणि जेवायला जाई तेवढा वेळ तो तिच्या हातात असायचा, आणि त्यात ती व्हिडिओ बघायची. दिवस राहिल्यापासून तर एका डॉक्टरीणबाईंचेच. गोऱ्या, हसऱ्या, मागे पितळी समई, आणि प्रत्येक वाक्याला "मैत्रिणींनो". मैत्रिणींनो, रोज मूठभर बदाम खा. मैत्रिणींनो, शहाळ्याचं पाणी प्या. मैत्रिणींनो, नवऱ्यासोबत बागेत अर्धा तास चाला. बदाम गावच्या किराणा दुकानात नव्हते, शहाळं महागावच्या बाजारातही कधीमधी, आणि नवऱ्यासोबत चालायची जागा म्हणजे पऱ्हाटीचं वावर. तरीही उर्वशी बघायची. दिवसभरात तिला उद्देशून कोणी चार शब्द सलग बोलत असेल तर त्या बाईच. एकदा तिने खाली लांबलचक लिहिलंही होतं, मॅडम माझा सातवा महिना आहे, मी दिवसभर एकटी असते, मला उगाच रडू येतं, हे बाळाला चालतं का. उत्तर आलं ते जोडलेल्या दोन हातांचं चित्र. ते तिने आठवडाभर उघडून उघडून पाहिलं होतं. बघून झालं की काय काय शोधलं ते एकेक पुसून टाकायची. नवऱ्याला दिसलं तर तो काय म्हणेल, हसेल की काय, याची लाज.

आता लाज धरायला घरात कोणी नव्हतं. तिने लिहिलं, फवारणीचे विष डोळ्यात गेल्यावर काय करावे. मोबाईलने व्हिडिओंची रांगच लावून दिली. एकात हिरव्या चादरीवरची ओळीने माणसं, डोळ्यांवर पट्ट्या. एकात कोणी काका सांगत होते, विष उतरवायला मीठ-साखर-लिंबू घालून तांब्याभर पाणी दिवसातून तीनदा. तिने घेतलं. दुसऱ्यात सांगितलं, तूप. घरात तूप नव्हतं. तिसऱ्यात एक माणूस ओरडून सांगत होता की विषाचा परिणाम तीन पिढ्यांवर होतो. तो व्हिडिओ तिने दोनदा पाहिला. मोबाईलला एकदा तुमची भीती कळली की मग तो तेच ताटात वाढत राहतो. समईवाल्या बाई कुठल्या कुठे गेल्या. उघडावं तेव्हा फवारणी, फवारणी आणि फवारणी. आपण गरोदर आहोत हे तिने एकदाही लिहिलं नाही. तिला वाटलं, जे झालंय ते विषाने झालंय, तर विषाबद्दलच विचारायचं ना. आणि दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या एखाद्या बाईने जे पाहताक्षणी ओळखलं असतं, ते फवारणीच्या त्या हंगामात कोणाच्याच डोक्यात येत नव्हतं, तिच्याही नाही.

बुधवारी गावच्या आशा कार्यकर्त्या विमलताई आल्या. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, त्या तपासणीला उर्वशीला याच नेत असत. या वेळची नऊ तारीख म्हणजे तो सोमवार, नवरा दवाखान्यात गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. कोणाला सुचणार? विमलताईंच्या हातात आता वेगळाच कागद होता, घरोघरी फवारणी करणाऱ्यांची यादी. त्या दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "धम्मरत्नचं लिहिलं मी. घरात आनखी कोणाले तरास? डोकं, डोये, ओकाऱ्या?"

उर्वशी आत चुलीच्या धुरात पाठमोरी बसलेली. वळली असती तर विमलताईंना तिचा सुजलेला चेहरा दिसला असता. ती वळली नाही. यादीत नाव गेलं की सासूच्या कानावर जाणार, नको म्हटलं असताना ही वावरात गेली आणि विष अंगात घेऊन आली म्हणून.

"काही नाही," ती म्हणाली.

"तुह्यी तपासणी राह्यली हो. सोमवारी नेतो तुले," असं म्हणून विमलताई पुढच्या घरी गेल्या. त्या दिवशी त्यांना अजून चाळीस घरं करायची होती.

गुरुवारी दुपारी बरगडीखाली, पोटाच्या वरच्या बाजूला, आतून कोणी मूठ आवळावी तसं दुखायला लागलं. लिंबूपाणी प्यायलेलं उलटून पडलं. बाळ हललं, मग बराच वेळ हललं नाही, मग हललं. ती भिंतीला टेकून बसली आणि तिला मनापासून आईची आठवण आली. आई असती तर काही विचारलंच नसतं, नुसती कपाळाला हात लावून गप्प बसली असती, आणि तेवढ्याने निम्मं बरं वाटलं असतं. ती थोडं रडली. रडताना डोकं जास्त दुखतं म्हणून थांबली. मग सवयीने मोबाईल घेतला.

व्हिडिओ सुरू होईना. मधोमध नुसतं गोल फिरत राहिलं. सकाळपासून तेच तेच पाहून दिवसभराचं नेट तिने दुपारीच संपवून टाकलं होतं. संपलं की हळू चालतं, चित्र येत नाही पण अक्षरं येतात, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणून तिने दुसरं उघडलं, नुसतं लिहून विचारायचं, जे ती कधी वापरत नसे. लिहायच्या चौकटीवर बोट ठेवलं तर खाली आधीचे प्रश्न ओळीने उघडले.

हे तिने विचारलेले नव्हते. ती पुस्तकातल्यासारखं लिहायची. हे लिहिणारा सातवीपर्यंत शिकलेला होता आणि जसा बोलतो तसाच लिहीत होता. तिने मोबाईल डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. अक्षरं फुटत होती, तरी वाचता आली.

बायको पोटुशी असली त काय खाऊ घालाव.

पोटातल लेकरू बापाचा आवाज आयकते का.

बायको दिवसा एकटी रायते त करमाले काय कराव.

बायकोले बर वाटत नाही पण सांगत नाही.

आणि सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात शेवटचा: आठवा महिना बायकोचे पाय सुजले डोक दुखते काहून.

उर्वशीने ते पुन्हा पहिल्यापासून वाचले. भिंतीकडे तोंड करून हा माणूस रोज रात्री हे करत होता. तिला वाटायचं क्रिकेट बघतो. तिला वाटायचं, कंटाळला असेल आपल्याला. त्या पाठीकडे बघत तिने किती रात्री काढल्या होत्या, आणि त्या पाठीपलीकडे हे चाललेलं. तिला एकदम हसू आलं आणि त्याच्यापाठोपाठ वाईट वाटलं.

मग तिच्या मनात आलं, हे त्याने विचारलं ती तारीख कोणती? बोट दाबून तिने शोधून काढलं. सहा ऑक्टोबर, शुक्रवार. शनिवारी ती वावरात गेली. म्हणजे विषाच्या ड्रमाला हात लावायच्या आदल्या दिवशीच तिचे पाय सुजलेले होते, डोकं दुखत होतं, आणि ते तिने नाही, त्याने पाहिलं होतं. ती विसरूनच गेली होती. भीतीने तिच्या डोक्यात सगळ्याची सुरुवात शनिवारपासून करून टाकली होती.

तिने त्याच्याच प्रश्नावर बोट ठेवलं. अक्षरं हळूहळू उतरली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हातापायांवर, चेहऱ्यावर सूज, न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली दुखणं, ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं असू शकतात. आईला झटके येऊ शकतात. आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो. वाट पाहू नका. आजच, आत्ताच दवाखान्यात जा.

पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटलं. विष नव्हतं. आपण बाळाला विष पाजलेलं नाही. आणि ते वाटून होतं न होतं तोच दुसरी ओळ मनात पोचली, जिवाला धोका. चार दिवस आपण मीठ घातलेलं पाणी पीत, भलतंच बघत बसलो. तिने विमलताईंना फोन लावला.

"ताई, माहे डोये धुंद झाले. डोकं फुटून राह्यलं. पाय, तोंड सुजलं. वरच्या पोटात दुखते."

 विमलताई म्हणाल्या, "काल मले त काही नाही म्हनली तू."

"चुकलं माहं, ताई."

"ते मंग पाहू. उठू नको जागची. मी आली."

रुग्णवाहिकेला फोन केला तर ती फवारणीचे पेशंट घेऊन गेलेली, यायला वेळ लागणार. विमलताईंनी वाट पाहिली नाही. रामलालची काळीपिवळी जीप स्टँडवर भरत होती, ती रिकामी करवून घेतली. बसलेल्या लोकांनी कुरकुर केली, पण विमलताईंचा आवाज ऐकून उतरले. नंदाबाई वावरातून धावत आल्या आणि तशाच मातीच्या पायांनी गाडीत बसल्या. वाटभर त्या उर्वशीचं डोकं मांडीवर घेऊन एकच म्हणत होत्या, "मले कायले नाही सांगतलं वं माय, मले कायले नाही सांगतलं."

तालुक्याच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर, पायऱ्यांवर, भिंतीला टेकून माणसंच माणसं, सगळ्यांच्या डोळ्यांवर ओली फडकी. उर्वशीनेही डोळ्यांवर ओला पदर धरलेला, अंगावर नंदाबाईंनी गुंडाळलेली चादर. विमलताई चिठ्ठी काढायला खिडकीकडे गेल्या. दारावरच्या माणसाने तिच्याकडे न बघताच हात केला, "फवारणीवाले तिकडं, डाव्या लाईनमंदी बसा." नंदाबाई तिला घेऊन तिकडे वळल्याही. मोठ्या जागी गेलं की सांगतील तसं वळायचं, ही आपली सवय.

उर्वशी थांबली. तिला समोरचा माणूस धड दिसत नव्हता, नुसता पांढरा आकार. त्या आकाराकडे तोंड करून तिने चादर बाजूला केली. आयुष्यात इतक्या लोकांपुढे ती कधी बोलली नव्हती.

"मी फवारणीची नाही," ती मोठ्याने म्हणाली. "मी आठव्या महिन्याची हाय. माहं बीपी पाहा. आत्ताच पाहा."

बाकावरचे लोक बघायला लागले. आतून एक सिस्टर आल्या, त्यांनी एकदा तिच्या चेहऱ्याकडे, एकदा पायांकडे पाहिलं आणि काही न विचारता तिला दंडाला धरून आत नेलं. दंडावर पट्टा आवळला, सुटला. सिस्टरांनी पुन्हा आवळला. मग त्या डॉक्टरांना हाक मारत जवळजवळ पळाल्याच. एकशे सत्तरच्या वर होतं. इंजेक्शनं दिली, अंगातून आगीसारखी गरम लाट गेली, आणि तासाभराने ती यवतमाळच्या रस्त्यावर रुग्णवाहिकेत होती. "आनखी एक दिवस काढला असता त झटके आले असते," असं डॉक्टर विमलताईंना सांगत होते, ते तिने ऐकलं.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन करून मुलगी काढली. दीड किलोच्या थोडी वर. रडली, पण मांजरीच्या पिलासारखी. तिला लगेच काचेच्या पेटीत नेलं. छाती चांगली चालते आहे, वजन वाढेपर्यंत इथेच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. उर्वशीला ती लांबून दाखवली, पण तिच्या डोळ्यांवरची धुंदी अजून उतरली नव्हती. तिला दिसलं ते एक गुलाबी काहीतरी.

मथुराबाईंचे आता एकाच आवारात दोन वॉर्ड झाले. सकाळी पोराला चहा, मग सुनेला पेज, मग नातीची काच, पुन्हा पोरगा. त्या उर्वशीवर रागावल्या नाहीत. पहिल्या रात्री तिच्या पायाशी बसून सूज दाबून बघत राहिल्या, आणि एवढंच म्हणाल्या, "माह्या दोन्ही लेकरांचे डोये एका टायमाले कायले न्यायचे होते कोण जाने." धम्मरत्नला मात्र दोन दिवस कोणी काही सांगितलं नाही. तो अजून अशक्त होता, आणि नजर हळूहळू परत येत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी उर्वशीचा, म्हणजे त्याचाच, मोबाईल वाजला. अनोळखी नंबर.

"मी हाय."

"कुठून बोलून राह्यले?"

"बाजूच्या खाटेवर धनसिंगभाऊ हाय, त्याचा फोन हाय." मग म्हणाला, "आईनं सांगतलं आता. पोरगी कशी हाय?"

"बारीक हाय. मी बी नीट नाही पायली. काचंतून दाखवली."

"हं."

दोघांच्या मध्ये एक अंगण, दोन जिने आणि एक लांब व्हरांडा होता. तिने खिडकीकडे पाहिलं. त्याची इमारत तिथून दिसत होती म्हणे, तिला नुसता उजेड दिसला.

"तुमी फोनमंदी माह्याबद्दल इचारत होते," ती म्हणाली. "मी वाचलं सारं. त्याच्यानंच वाचली मी."

 मग तिच्या मनात दीड वर्ष साठलेलं ओठांवर आलं, आणि आवाज चढू नये म्हणून तिने ते हळूच विचारलं, "फोनले इचारलं. मले काहून नाही इचारलं कधी?"

"तुले इचारलं ना," तो म्हणाला. रागाने नाही, जसं घडलं तसं. "तुह्ये पाय पायले तवा इचारलं. डोक्याले फडकं बांधून बसली होती तवा इचारलं. दरखेपी तू म्हने, काही नाही. फोन तसं म्हनत नाही."

 खरं होतं. त्याने विचारलं होतं. ताट घेता घेता, दारातून आत येता येता, दोन शब्दांत, तिच्याकडे न बघता, त्याला जमत होतं तसं. आणि तिने प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं होतं. सासूला तेच, नंदाबाईंना जवळपास तेच, विमलताईंना तेच. जगात आपल्याला विचारणारं कोणी नाही म्हणून ती रडायची, आणि जो कोणी विचारायला येई त्याला दारातूनच परत पाठवायची. याची तिला लाज वाटली, आणि राग आला तो स्वतःचाच.

"आता कसं वाटते तुले?" धम्मरत्नने विचारलं.

"काही ना..." ती म्हणाली आणि थांबली. समोरच्या खाटेवर एक बाई आपल्या बाळाला पाजत होती. उर्वशीने तिकडून तोंड वळवलं.

"टाके लय दुखतात," ती म्हणाली. "दूध आलं पन पोरगी जवळ नाही, छातीत गाठी झाल्या. रात्री भेव वाटते, ती जगन का नाही म्हनून. तुमचे डोये येतील का नाही म्हनून. आन घरी मले करमतच नाही, पयल्या दिवसापासून करमत नाही..."

ती सांगत गेली. पलीकडून कोणीतरी फोन परत मागत असल्याचा आवाज आला, घरी लावायचा आहे म्हणून.

"थांब न भाऊ जरासा," धम्मरत्न त्याला म्हणाला. मग तिला म्हणाला, "हं. सांग. मी आयकून राह्यलो."